उन्हाने पिवळी, उन्हानेच पांढरी

पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं म्हणजे ते मळलं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे उपायही सगळे घासण्याचेच. आधी साबण, मग खायचा सोडा, मग टूथपेस्ट, मग लिंबू, आणि शेवटी संडासात टाकायचं अ‍ॅसिड. बडोद्याच्या रावपुऱ्यात आमच्या शेजारच्या मुलाने एका जुन्या सायकलच्या चाकांवर हा कार्यक्रम लिंबापर्यंत नेला आणि मग माझ्याकडे आला. "काका, व्हिडिओत तर ब्लीचमध्ये रात्रभर बुडवलं की दुधासारखं होतं म्हणतात. आणू का बाटली?" (लिंबू हँडललाही बांधलेलं होतं, मिरच्यांबरोबर, नजर लागू नये म्हणून. दोन्हीकडे त्याचा परिणाम सारखाच: शून्य.) ब्लीच नको म्हटलं. का नको, ते पुढे येईलच.

सायकल त्याच्या बाबांची. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेली बीएमएक्स. मातीच्या उंचसखल ट्रॅकवर उड्या मारत पळवायची ही वीस इंची ठेंगणी सायकल १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मोटोक्रॉस या मोटरसायकल शर्यतीची नक्कल करता करता जन्माला घातली, आणि २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये ती थेट पदकापर्यंत पोचली. तारांची चाकं असल्या उड्यांनी सारखी आउट व्हायची. म्हणून कॅलिफोर्नियातल्याच रेडिंग गावच्या स्कायवे कंपनीने सत्तरच्या दशकात 'टफ व्हील' काढलं. पाच रुंद आरे आणि रिम एकसंध, सगळं नायलॉनचं, तारा कसायची भानगडच नाही. त्याची नक्कल पुढे अनेकांनी केली. नायलॉन म्हटलं की बडोदेकरांना परकं वाटायचं कारण नाही. फर्टिलायझरनगरच्या जीएसएफसी या खत कारखान्यात कॅप्रोलॅक्टम बनतं, आणि त्यापासून नायलॉन-६. असल्या चाकांना सहसा त्याचा चुलतभाऊ नायलॉन-६६ वापरतात.

मला चाकांपेक्षा त्यांचा पिवळेपणा जास्त आवडला, कारण दोन चाकं दोन तऱ्हांनी पिवळी होती. पुढचं चाक सायकललाच होतं आणि सायकल वर्षानुवर्षं गॅलरीत उभी. त्याची रस्त्याकडची बाजू गडद पिवळी, भिंतीकडची फिकट. एका आऱ्यावरचा स्टिकर सुटून पडला होता, तिथे अक्षरांसकट पांढरा ठसा. एक्सलचा नट काढला तर वॉशरच्या खाली वॉशरएवढीच पांढरी कडी. मागचं चाक मात्र कधीकाळी काढून पॉलिथीनच्या पिशवीत गुंडाळून पोटमाळ्यावर टाकलेलं. त्याने ऊन पाहिलेलंच नाही, आणि तेही पिवळं. सगळीकडून सारखं.

आधी पुढच्या चाकाचं पाहू. पिवळं दिसतं म्हणजे नेमकं काय होतं? पांढऱ्या उजेडातला जांभळा-निळा भाग कुणीतरी गिळतं आणि उरलेला आपल्याकडे परत येतो. तो गिळणारा कोण, हे समजायला शाळेतला दुहेरी बंध आठवावा लागेल.

कार्बनचे अणू एकमेकांना एकेरी किंवा दुहेरी बंधांनी जोडलेले असतात. एकटा दुहेरी बंध ऊर्जेच्या बाबतीत फार ताठ. इथिलीनमध्ये असा एकच बंध असतो, आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर ढकलायला सुमारे १७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. हा अतिनील पट्ट्यातही फार खोल, डोळ्याच्या आवाक्याबाहेरचा. पण एक सोडून एक असे दुहेरी बंध ओळीने आले, की इलेक्ट्रॉन एका बंधापुरता न राहता साऱ्या ओळीवर पसरतो. त्याची वावरायची जागा लांब होते. सतारीची तार लांब ठेवली की स्वर खाली उतरतो, तसंच इथे होतं: ओळ लांब झाली की शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची वारंवारता उतरते, म्हणजे तरंगलांबी वाढते. दोन बंध ओळीत असलेलं ब्युटाडाइन २१७ नॅनोमीटरवर शोषतं, तीन असलेलं हेक्साट्राइन २५८ वर. अकरा बंधांची ओळ म्हणजे गाजरातलं बीटा-कॅरोटीन. ते जवळजवळ ४५० वर येऊन पोचतं, थेट निळ्या रंगात, आणि म्हणून गाजर केशरी. मधली कुठलीतरी लांबी अशी असते की शोषणाची फक्त शेपटी ४०० नॅनोमीटर ओलांडून जांभळ्यात शिरते. तिथे पिवळा सुरू होतो.

नव्या नायलॉनमध्ये अशा ओळी नसतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळीतल्या नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो, रिकाम्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, त्यातून पेरॉक्साइडं बनतात, ती फुटून कार्बोनिल गट (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) तयार होतात. अशा गटांशेजारी दुहेरी बंध निर्माण झाले की छोट्या छोट्या ओळी जुळतात. वॉशरखाली उजेड पोचला नाही, म्हणून तिथे यातलं काहीच घडलं नाही.

या ओळींची संख्या अगदी किरकोळ असते. तरी चाक एवढं पिवळं का? गुन्हेगार पांढरा रंगच. प्लास्टिक पांढरं दिसावं म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण मिसळतात. आत शिरलेला प्रकाश या कणांवर आपटत, वळत, पुन्हा आपटत बाहेर येतो. तेवढ्या भटकंतीत तो त्याच पिवळ्या थरातून पुनःपुन्हा जातो आणि दर वेळी थोडा निळा गमावतो.

आता उपाय. हा पिवळेपणा प्लास्टिकवर बसलेला नाही, त्याच्या वरच्या थराच्या रेणूंतच तो आहे, तेव्हा धुऊन तो जाणार नाही. टूथपेस्टने थोडा उजळतो, कारण ती तो थरच खरवडते. पॉलिश पेपरही तेच काम करेल. पण ओळ मध्ये कुठेतरी तोडता आली, तर? एका लांब तारेच्या दोन आखूड तारा होतील, दोन्हींचं शोषण परत अतिनीलमध्ये पळेल आणि डोळ्याला पांढरं दिसेल. पदार्थ तिथेच राहील, फक्त दिसेनासा होईल.

हे काम हायड्रोजन पेरॉक्साइड फार सुबक करतं. अल्कलीयुक्त पाण्यात त्याचा एक हायड्रोजन निघून हायड्रोपेरॉक्साइड आयन तयार होतो. हा ऋणभारित, धनभाराच्या शोधात. कार्बोनिलला लागून दुहेरी बंध असेल, तर कार्बोनिलमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढीचा परिणाम दुहेरी बंधाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाणवतो. कार्बोनिलपासून मोजलं तर तो दुसरा कार्बन. तिथे किंचित धनभार. आयन नेमका तिथे चिकटतो. मग त्याचा स्वतःचाच ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो, एक ऑक्सिजन दोन्ही कार्बनना धरून तीन कोनांची कडी बनवतो आणि उरलेला हायड्रॉक्साइड आयन निघून जातो. ही कडी म्हणजे इपॉक्साइड. दुहेरी बंध संपला, ओळ तुटली. मला यात मौज वाटते ती अशी, की हा आयन साध्या दुहेरी बंधाला सहसा हात लावत नाही. त्याला कार्बोनिलशेजारचाच हवा असतो, आणि ऊन नायलॉनमध्ये नेमके तसेच तयार करतं. ज्यांना हा परिच्छेद डोक्यावरून गेला त्यांनी 'ओळ तुटली' एवढं धरून पुढे चालावं.

या कामात उन्हाचीही मदत होते, दोन तऱ्हांची. पाणी तापतं, त्यामुळे विक्रिया वेगाने होते. आणि अतिनील किरण काही पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी असलेले तुकडे, तयार करतात, ती तर कशावरही तुटून पडतात. उन्हाने रंग उडतो हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. लग्नाच्या हळदीचे डाग पडलेलं धोतर धुऊन गच्चीत टाकलं की संध्याकाळपर्यंत डाग फिका झालेला असतो. हळदीतलं कर्क्युमिनही असल्याच लांब ओळीचं, सुमारे ४२५ नॅनोमीटरवर शोषणारं.

प्रत्यक्षात करायचं ते साधं आहे. मेडिकलमध्ये सहा टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं, त्यावर '२० व्हॉल्यूम' असंही लिहिलेलं असतं. त्याहून सोयीची ती ऑक्सिजन ब्लीचची पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात टाकली की धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड दोन्ही एकदम मिळतात, अल्कली वेगळी घालावी लागत नाही. चाक पूर्ण बुडेल असं पसरट टब घ्यावं. वरून लेप फासला तर पट्टे उमटतात. हातमोजे आणि चष्मा हवाच. टबवर पारदर्शक प्लास्टिक टाकावं, पण घट्ट झाकण लावू नये, आत ऑक्सिजन साठतो. आणि बेअरिंग, एक्सल, नट आधी काढावेत. गंजाचं लोखंड पेरॉक्साइडशी मिळालं की मूलकांचा भडिमार होतो, आणि तो पिवळ्या ओळींबरोबर धडधाकट नायलॉनही खातो. गंजलेल्या नटाच्या भोवतीच चाक खडबडीत, खडूसारखं होतं ते यामुळे.

क्लोरीनचं ब्लीच का नको, तेही आता सांगता येईल. त्यातला क्लोरीन नायलॉनच्या नायट्रोजनवरच जाऊन बसतो, साखळ्या तुटतात, आणि कित्येकदा पिवळेपणा वाढतो. नायलॉनच्या कपड्यांवर 'ब्लीच करू नका' असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. संडासाच्या अ‍ॅसिडची गोष्ट त्याहून वाईट. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि तीव्र आम्लात नायलॉन चक्क विरघळू लागतं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र केलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, मग चाकाची चिंता करायला कुणी उरेलच असं नाही.

व्हिडिओंमध्ये अजून एक ठोकळेबाज स्पष्टीकरण फिरतं, 'प्लास्टिकमधलं ब्रोमीन बाहेर येतं म्हणून ते पिवळं पडतं'. हे जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यांवरून आलं. ते एबीएस प्लास्टिकचे असतात आणि आग लागू नये म्हणून त्यांत ब्रोमीनची संयुगं घालत. सायकलच्या चाकाला आग लागायची भीती कुणाला होती? नीळ घालण्याचा सल्लाही असाच. नीळ पिवळा घालवत नाही, उरलेल्या उजेडातला पिवळाही गिळून दोन्ही बाजू समान करते, म्हणजे एकूण करडं करते. शिवाय नायलॉन रंग फार आवडीने पितं. गरम पाण्यात रंग कालवून ही चाकं लाल-निळी रंगवणारे हौशी लोक आहेतच. निळीत बुडवलेलं चाक आकाशी होऊन बसेल.

राहिलं पोटमाळ्यावरचं चाक. ऊन नसताना पिवळं कसं? संशयित पॉलिथीनची पिशवी. प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून त्यात बीएचटीसारखे प्रतिऑक्सिडीकारक घालतात. हे बीएचटी पिशवीतून हळूहळू वाफेच्या रूपात निघतं आणि आतल्या वस्तूत मुरतं. तिथे त्याला गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड भेटले की पिवळी संयुगं बनतात. कापड धंद्यातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. गोदामात पिशवीत पॅक केलेले पांढरे कपडे घड्यांवर पिवळे पडतात ते बरेचदा यानेच. रावपुऱ्यात धुराचा तुटवडा नाही. या पिवळ्याची ओळख अशी, की तो नुसत्या उन्हातही फिकटतो. मुलाला मी मागचं चाक पाण्याने धुऊन, काही न लावता, गच्चीवर ठेवायला सांगितलं. ते उतरलं, जवळजवळ सगळं. पुढच्या चाकाला मात्र पावडरचं पाणी लागलं, आणि तरी रस्त्याकडच्या बाजूला फिकट हस्तिदंती छटा राहिलीच.

आता पुढचं चाक लगेच बसवायचं नाही. नायलॉन पाणी पितं, पुरतं भिजलं तर वजनाच्या आठ-साडेआठ टक्क्यांपर्यंत, आणि तेवढं फुगतं. ओल्या चाकात बेअरिंग ठोकली तर वाळल्यावर ती एक तर घट्ट दाबली जातात, नाही तर तिरकी बसतात. सावलीत आठवडाभर तरी वाळू द्यावं. थोडं पाणी आत राहिलं तर वाईट नाही, कारण पाण्याने नायलॉन लवचिक राहतं आणि हाडासारखं कोरडं नायलॉन धक्क्याने तडकतं.

पण तुटलेल्या साखळ्या पेरॉक्साइडने जुळत नाहीत. चाक पांढरं झालं म्हणजे १९८५ सालचं झालं असं नाही. पुढच्या चाकाचे आरे हबला मिळतात तिथे मी नख फिरवून पाहिलं. एका आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी भेग होती, पिवळेपणात आधी दिसली नव्हती. ते चाक आता भिंतीवर लावायचं. मागचं वापरता येईल. पुढच्यासाठी जुन्या सायकलींच्या दुकानात वीस इंची तारांचं चाक शोधायला मुलगा गेलाय.