मेटिंगची फी आणि मेटिंगची तारीख: फीमेल आणण्याआधी एवढं वाचा

(आमच्या लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर स्टडसाठी, म्हणजे मेटिंगच्या नर कुत्र्यांसाठी, विचारणा करणाऱ्या ग्राहकांकरिता)

फोनवर पहिला प्रश्न फीचाच येतो, म्हणून तो आधी मिटवू. आमच्या कोणत्याही स्टडची फी सध्या २०,००० रुपये आहे. त्यात एकाच हीटमधल्या (माजाच्या काळातल्या) दोन मेटिंग आल्या, मध्ये साधारण ४८ तास सोडून. ५,००० बुकिंगला आणि उरलेले पहिल्या मेटिंगच्या दिवशी. फी स्टडची असते, पिल्लांची नाही. ‘पिल्लं झाली की सगळे एकदम देतो’ हे आम्ही चालवून घेत नाही. हा हेकटपणा वाटत असेल तर पुढचं जरूर वाचा.

आमच्याकडे होणारे बहुतेक वाद एकाच गोष्टीतून निघतात. फीमेल चुकीच्या दिवशी आणली जाते, गाभण राहत नाही आणि खापर स्टडवर फुटतं.

‘आज अकरावा दिवस आहे, संध्याकाळी आणतो,’ असा फोन येतो. अकरावा कधीपासून? तर लादीवर डाग दिसला तेव्हापासून. पण अंग स्वच्छ ठेवणारी फीमेल स्वतःला चाटून साफ करत राहते, आणि घरातल्यांना डाग दिसेपर्यंत हीट सुरू होऊन तीन-चार दिवस गेलेले असू शकतात. बरं, पहिला दिवस अचूक पकडला तरी गणित सुटत नाही. रक्तस्रावाचा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असला तरी कुणाचा तीन दिवसांत आटोपतो, कुणाचा सतरापर्यंत लांबतो. शेपूट बाजूला करून उभी राहते, एवढ्यावरही जाऊ नका. काही फीमेल बीज सुटायच्या बऱ्याच आधी उभ्या राहतात, आणि घाबरट फीमेल नेमक्या योग्य दिवशी खाली बसकण मारते.

भरवशाची गोष्ट एकच, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन. हीटच्या सुरुवातीला हा आकडा मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खाली असतो. २ च्या आसपास पोचला की बीज सुटायला साधारण दोन दिवस उरतात, आणि ५ च्या मागेपुढे ते सुटतं. मात्र कुत्रीचं बीज सुटल्याबरोबर फळत नाही, पक्व व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आम्ही बीज सुटल्यानंतरचा दुसरा आणि चौथा दिवस देतो. डाग दिसल्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी पहिली टेस्ट करा, मग दर दोन दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये. रिपोर्टवर एकक कोणतं आहे तेही पाहा. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, आणि ५ नॅनोग्रॅम म्हणजे जवळजवळ १६ नॅनोमोल. रिपोर्टवर ‘६’ पाहून धावत आलेले एक ग्राहक आम्हाला परत पाठवावे लागले, कारण ते ६ नॅनोमोल होते. म्हणजे जेमतेम २ नॅनोग्रॅम.

टेस्टचा खर्च तुमचा, हे खरं. पण चुकलेली हीट पुन्हा यायला साधारण सहा-सात महिने लागतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

आता फीशी याचा संबंध. टेस्ट करून, आम्ही दिलेल्या दिवशी आणूनही २८-३० दिवसांनंतरच्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही, तर पुढच्या वेळी एकदा दोन्ही मेटिंग मोफत. कोणती हीट घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवू. टेस्टविना ‘आमच्या अंदाजाने’ आणलेल्या फीमेलला ही सवलत नाही. पैसे दोन्ही बाबतींत परत मिळत नाहीत, कारण त्या दिवसांत आमचा स्टड तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि आम्ही दुसरं बुकिंग घेतलेलं नसतं. जिवंत पिल्लू एकच झालं तरी पुढची मेटिंग मोफत, पण वर्ष गेल्यावर. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ब्रीडिंग नियमांनुसार वर्षाला एकच लिटर (एका वेळची पिल्लं) घेता येतं आणि आयुष्यभरात पाच. दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या फीमेलला मेटिंग देता येत नाही. आमच्याकडे याला अपवाद नाही, ओळखीतले असलात तरी.

‘पैशांऐवजी पिल्लू घ्या ना.’ घेतो, पण ते बुकिंगच्या वेळीच कागदावर ठरलेलं हवं. पहिली निवड आमची. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देता येत नाही, त्यामुळे आम्हीही तेव्हाच नेतो. एकच पिल्लू झालं तर ते तुमचं आणि आम्हाला रोख फी, हेही आधीच लिहू. सगळ्यांना लाडकं झालेलं गुबगुबीत पिल्लू नेताना घरातली मुलं रडतात, त्यामुळे आमचा सल्ला विचाराल तर रोखच बरी.

मेटिंगआधी फीमेलची ब्रुसेला या संसर्गजन्य रोगाची टेस्ट मागतो, त्यावरून बरेच लोक नाराज होतात. ‘आमची तर पहिलीच वेळ, तिला कुठून लागण होणार?’ ब्रुसेला मेटिंगनेच पसरतो असं नाही. दुसऱ्या कुत्रीचा स्राव किंवा पडलेला गर्भ हुंगला-चाटला तरी तो लागतो, उशिराच्या टप्प्यात गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. आमच्या स्टडचे ब्रुसेला रिपोर्ट आणि लॅब्रॅडॉर-गोल्डनमध्ये हमखास पाहायला हवेत ते नितंबाच्या सांध्यांचे एक्स-रे मागितल्यावर लगेच दाखवतो. तुम्हीही तिचे दाखवा. पाच-सात हजारांत मेटिंग करून देणारे मुंबईत मिळतात, नाही असं नाही. त्यांच्याकडेही हेच कागद मागून पाहा.

मेटिंग झाली म्हणजे सुटलो, असं समजू नका. हीट संपेपर्यंत सोसायटीखालीसुद्धा तिला पट्ट्याशिवाय सोडू नका. गेटजवळच्या कुत्र्याने तेवढ्यात गाठलं तर एकाच लिटरमध्ये दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. तशी शंका आली तर डीएनए टेस्ट झाल्याशिवाय पिल्लांच्या रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर आम्ही सही करत नाही, आणि तिचा खर्च तुमचा. एरवी केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (कुत्र्यांची वंशावळ नोंदवणाऱ्या संस्थेच्या) त्या फॉर्मवर दुसऱ्या मेटिंगच्या दिवशीच, फी पूर्ण आली की, सही करून देतो. पेपर्स अडवून ठेवायची आमची पद्धत नाही. तुमच्या फीमेलचं रजिस्ट्रेशन आणि मायक्रोचिप मात्र आधी झालेलं असावं, आणि पिल्लं विकणार असाल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणीही.

आमची जागा मढला आहे. मालाडहून मार्वे रोडने गाडीने या. वर्सोव्याची फेरीबोट जवळची पडते, पण त्या गर्दीत हीटवरची फीमेल बिथरते. सकाळी सातची वेळ देतो, एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर, कारण उकाड्यात स्टडही मलूल होतो. तिला उपाशीपोटी आणा, बरोबर एकच ओळखीचा माणूस. दोघं जुळली की अर्धा तासही एकमेकांत अडकून राहतात, तेव्हा ओढाताण न करता तिला डोक्याकडून धरून शांत ठेवायचं काम त्याचं. लहान मुलांना घरी ठेवा.

आणि फोन अकराव्या दिवशी नको, डाग दिसल्याच्या दिवशी करा. बुकिंगचे पैसे तेव्हा मागत नाही, फक्त स्टड राखून ठेवतो आणि टेस्ट कधी करायची ते सांगतो.