मुंबईच्या लष्करी वसाहतीतील शाळा

किल्ल्याच्या आश्रयाने शाळा चालण्याची मुंबईतली परंपरा तीनशे वर्षांहून जुनी आहे. १७१८ साली फोर्टच्या तटबंदीच्या आत सेंट थॉमस चर्च उघडले आणि त्याच सुमारास तिथले धर्मगुरू रिचर्ड कॉब यांनी बारा गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. मुलांचे राहणे, जेवण, कपडे सारे शाळेकडे. शिकवायला मास्तर मात्र एकच. पुढे १८१५ मध्ये आर्चडीकन (चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी) जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व ही शाळा तिच्याकडे आली. १८२५ मध्ये शाळा किल्ल्यातून भायखळ्याला गेली. शंभर वर्षांनी, १९२५ साली, तिथल्या निवासी मुलांसाठी बार्न्स स्कूल सुरू झाले ते नाशिकजवळच्या देवळालीला, म्हणजे पुन्हा छावणीच्याच गावी.

कुलाबा बेट १७९६ मध्ये लष्करी छावणी ठरले. १८३८ च्या कॉजवेने ते मुंबईला जोडले गेले, तरी दक्षिण टोक, म्हणजे आजच्या नेव्ही नगरचा परिसर, सैन्यदलांकडेच राहिला. इथल्या आजच्या शाळांमागचे कारण मात्र वेगळे आहे: बदली. वडिलांची बदली ऐन वर्षात झाली की मुलाचा अभ्यासक्रम, भाषा, पुस्तके सगळेच बदलायचे. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये केंद्र सरकारने समान अभ्यासक्रमाच्या शाळांना मंजुरी दिली. १९६३-६४ मध्ये देशभरातल्या वीस रेजिमेंटल, म्हणजे पलटणींच्या, शाळा ताब्यात घेऊन त्यांची ‘सेंट्रल स्कूल’ झाली. हीच आजची केंद्रीय विद्यालये. कुलाब्यातही ती आहेत.

अशा शाळेच्या इमारतीचा इतिहास शोधणे अवघड जाते, कारण ती आरंभी शाळेची नसतेच. जमीन आणि तात्पुरती जागा लष्करी तळ देतो, पक्की इमारत केंद्रीय विद्यालय संघटन, म्हणजे या शाळा चालवणारी संस्था, नंतर बांधते. व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही बहुधा तिथलाच वरिष्ठ अधिकारी असतो. प्रवेशाच्या वेळी गेल्या सात वर्षांतल्या पालकांच्या बदल्या मोजल्या जातात. सकाळी ‘असतो मा सद्गमय’ म्हणत शिवाजी, टागोर, अशोक आणि रमण या चार सदनांच्या रांगा लागतात. लेह, कोची किंवा विशाखापट्टणमहून आलेल्या मुलाला हे सारे आधीच पाठ असते. नव्या वर्गात त्याला पहिला आधार तोच.

मराठीची जागा इथे तोकडी आहे आणि ते खटकते. हिंदी, इंग्रजी, संस्कृत ठरलेल्या. साताऱ्याच्या जवानाचे मूल मुंबईत राहूनही मराठी लिहायला घरीच शिकते. पुरेशा मुलांनी मागणी केली, तरच शाळेत जादा भाषा म्हणून ती शिकवण्याची सोय होऊ शकते.