जिभेखालचा दोरा कापावा का?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. बाळ नऊ दिवसांचं. "मावशी, तो उठला की मलाच रडू येतं गं," म्हणाली. दर पाजण्याला स्तनाग्रं चिरत होती. बाळ तोंडात घ्यायचं, दोन-चार घोट, की टक् असा आवाज येऊन सुटायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा सुटायचं. पाऊण तास अंगावर घेऊनही पोट रिकामंच. दूध कमी असेल म्हणून सासूबाईंनी अळिवाचे लाडू वाढवले होते, शतावरी सुरू केली होती. पण एका बाजूने पाजताना दुसऱ्या बाजूचा गाऊन भिजत होता, म्हणजे दुधाचा तोटा नक्कीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्तनपान सल्लागार बाई घरी आल्या. त्यांनी आधी बाळाला खुशाल रडू दिलं आणि रडताना तोंडात पाहिलं. रडणाऱ्या बाळाची जीभ वर उचलली जाते. याच्या जिभेच्या फक्त कडा वर येत होत्या, मधला भाग तळाला ओढलेला, आणि टोकाला मधोमध खाच. पत्त्यांतला बदाम असतो ना, अगदी तसा आकार.

याला डॉक्टर 'अँकिलोग्लॉसिया' म्हणतात, बोलीत 'टंग-टाय' किंवा 'जीभ चिकटलेली'. गर्भात जीभ तयार होते तेव्हा ती तोंडाच्या तळाला चिकटलेलीच असते. मग कडेच्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि जीभ सुटी होते. मधोमध एक घडी तेवढी उरते. ती तुम्हाआम्हा सगळ्यांना असते; आरशासमोर जीभ टाळूला लावलीत की दिसेल. काहींची ती आखूड, जाड किंवा अगदी टोकापर्यंत आलेली असते. अशी बाळं साधारण शंभरात चार ते दहा सापडतात, मुलींपेक्षा मुलगे जास्त. आकडा असा सैल आहे, कारण 'आखूड' कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही.

त्याचं एक कारण शरीररचनेतच आहे. आपण जिला दोरा म्हणतो तो सुटा दोरा नाहीच. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कान-नाक-घसा सर्जन निकी मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये सूक्ष्म विच्छेदन करून दाखवलं, की तोंडाच्या तळावर एक पातळ आवरण पसरलेलं असतं आणि जीभ उचलली की त्याचीच मधोमध घडी उभी राहते. पलंगावरची चादर मध्येच चिमटीत धरून उचलावी तशी. घडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याची रेघ निसर्गाने आखलेली नाही. शिवाय जिभेला संवेदना देणाऱ्या चेतातंतूंच्या फांद्या तिथेच, पृष्ठभागालगत असतात. 'अजून थोडं खोल कापू' हे म्हणूनच वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

आता बाळ दूध कसं पितं ते पाहू, कारण खरा घोटाळा तिथे होतो. बाळ जिभेने स्तन पिळतं, गाय दोहावी तसं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉना गेडिस यांनी दूध पिणाऱ्या बाळांची हनुवटीखालून सोनोग्राफी केली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होऊन हवेचा दाब घटतो आणि त्या ओढीने दूध येतं. यासाठी बाळाचं तोंड स्तनाला हवाबंद चिकटलेलं हवं आणि जीभ मोकळेपणाने वरखाली व्हायला हवी. जीभ अडकली तर पकड सुटते. टक् आवाज त्याचाच. पकड टिकवायला बाळ मग हिरड्या आवळतं आणि स्तनाग्र चिमटलं जातं. पाजून झाल्यावर ते चपटं, तिरकं दिसतं, वापरलेल्या लिपस्टिकच्या टोकासारखं. भाचीने हे वर्णन ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हेच! मला वाटलं सगळ्यांचं असंच होतं."

शस्त्रक्रिया हा शब्द मोठा आहे, काम छोटं. अकराव्या दिवशी बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, नर्सने डोकं धरलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, जन्मल्यावर व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलं होतं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का. मग खाचेच्या चपट्या पट्टीने जीभ उचलली आणि बोथट टोकाच्या कात्रीने एकदा कच्. दोन थेंब रक्त, त्यावर कापसाची घडी. बाळ रडलं ते गुंडाळल्याबद्दलच जास्त, असं मला वाटलं. दोन मिनिटांत ते आईकडे. ती श्वास रोखून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "दुखत नाहीये." मग हुंदके देऊन रडली.

हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. 2005 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या एका चाचणीत, जिथे ताबडतोब दोरा कापला त्या 28 बाळांपैकी 27 जणांचं पिणं सुधारलं. ज्यांना नुसतं मार्गदर्शन दिलं अशा 29 पैकी एकाचंच. इतका लख्ख निकाल वैद्यकात क्वचित लागतो. पण इथे आईला माहीत होतं, आपल्या बाळाचं काय केलं ते.

मग तिथल्याच मंडळींनी एक चलाख गोष्ट केली, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेला प्रयोग हाच. बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं. चिठ्ठीनुसार कुणाचा दोरा कापला, कुणाचा नाही. परत आणून लगेच आईकडे दिलं, तिला काही न सांगता. 2012 मध्ये निकाल छापून आला. कापलेल्या 27 बाळांपैकी 21 जणांच्या आया म्हणाल्या, फरक पडला, म्हणजे 78 टक्के. आणि ज्यांना कात्री लागलीच नव्हती अशा 30 बाळांपैकी 14 जणांच्या आयाही तेच म्हणाल्या. 47 टक्के!

या आया खोटं बोलत नव्हत्या. बाळ रडून भुकेलेलं, तोंड मोठं उघडलेलं, आई आशेने सैल झालेली. पकड खरोखरच बरी जमली असेल. दुखणं ही मोजपट्टीने मोजायची गोष्ट नाही, ते ज्याचं त्यालाच कळतं. पण दोन आकड्यांमधलं अंतर कात्रीचं आणि उरलेलं इतर गोष्टींचं, एवढं त्यातून नक्की दिसतं. वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या 2017 च्या आढाव्याने अशा पाच चाचण्यांतली 302 बाळं एकत्र तपासली. आईचं दुखणं निदान थोड्या काळासाठी कमी होतं, असं निघालं. बाळाचं पिणं सुधारतं का, याचं उत्तर मात्र चाचणीगणिक बदलत होतं.

आणखी मोठी चाचणी करायची तर आईबाप आड येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. ब्रिटनमध्ये 870 बाळं घ्यायची ठरवून एक चाचणी सुरू झाली. 169 वरच थांबवावी लागली. त्यातही ज्यांचा दोरा कापायचा नाही असं चिठ्ठीत निघालं होतं, त्यांच्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश बाळांचा दोरा पुढे कापलाच गेला. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत आईचं दूध पिणारी बाळं सारखीच, 84 टक्के. आता यातून काय काढायचं? कात्रीचा उपयोग नाही, असं म्हणावं तर दोन्ही गटांत कात्री चाललीच होती. रात्री अडीचला रडणाऱ्या आईला 'विज्ञानासाठी तीन महिने थांब' सांगणारा माणूस मला तरी सापडायचा आहे.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. फ्रान्सचा तेरावा लुई 1601 मध्ये जन्मला, तेव्हा त्याला नीट चोखता येईना म्हणून शल्यवैद्याने त्याच्या जिभेखालचं बंधन कापल्याची नोंद त्याच्या डॉक्टरने रोजनिशीत केली आहे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत बाटली आली. बाटलीतून अडकलेल्या जिभेलाही बऱ्यापैकी जमतं, त्यामुळे हा विषय मागे पडला. अंगावर पाजण्याचं महत्त्व पुन्हा पटलं, तसा तोही परतला, आणि धो धो परतला. ऑस्ट्रेलियात 2006 ते 2016 या दहा वर्षांत या शस्त्रक्रियेचं प्रमाण पाचपटीहून अधिक झालं. अमेरिकेत रुग्णालयांतल्या नोंदींनुसार 1997 मध्ये सुमारे 1,300 बाळांचे दोरे कापले गेले, 2012 मध्ये 12,400. बाळांच्या जिभा पंधरा वर्षांत बदलत नसतात.

मग बदललं काय? निदान सैल झालं. दिसणाऱ्या दोऱ्याच्या जोडीला 'मागचा', डोळ्यांना न दिसणारा दोरा आला, वरच्या ओठाचा दोरा आला, लेझर आलं, कापल्यावर दिवसातून कितीदा तरी बोटाने जखम ताणायचे व्यायाम आले. लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, ताणण्याचाही फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2024 मध्ये या सगळ्याबद्दल सावध केलं. बॉस्टनमध्ये कापण्यासाठी पाठवलेल्या 115 बाळांना आधी दूध पाजण्याच्या तज्ज्ञांनी बसून, पाजताना नीट पाहिलं. त्यातल्या सुमारे 63 टक्के बाळांना कात्री लागलीच नाही. बाळ धरण्याची पद्धत बदलून भागलं.

भाचीला मी म्हणूनच एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती: बाळाला पिताना कुणी पाहिलं का? नुसतं तोंड उघडून नाही, पिताना. त्या बाईंनी दोन वेळा पूर्ण पाजणं पाहिलं, तीन प्रकारे धरून बघितलं, बाळाचं न वाढलेलं वजन वहीत लिहिलं, मगच डॉक्टरांचं नाव सुचवलं. कापल्यानंतर तिसऱ्या दिवशी भाचीने घाबरून फोटो पाठवला. जिभेखाली पांढरा, शंकरपाळ्याच्या आकाराचा डाग. पू नव्हे, तोंडातली जखम भरताना अशीच दिसते. दहा-बारा दिवसांत गेला.

आजीची काळजी वेगळी होती: "बोलेल ना नीट?" आपल्याकडे पोर उशिरा बोललं की आधी जिभेला बोल लागतो. पण जीभ अडकल्याने बोलणं उशिरा सुरू होत नाही. फार तर र, ल असे टोक उचलून म्हणायचे वर्ण थोडे अडतात, आणि बहुतेक मुलं त्यावरही आपली युक्ती शोधतात. पुढे बोबडं बोलेल या भीतीने तान्ह्या बाळाचा दोरा कापावा, याला आधार नाही.

बाळ आता अडीच वर्षांचं आहे. टोक मागे वळवून म्हणायचा 'ळ' त्याला अजून येत नाही. "मी बाल नाही, मोठा आहे," असं ठणकावून सांगतो. आजीने लगेच माझ्याकडे पाहिलं: कापूनही राहिलंच ना? शेजारची त्याच वयाची मुलगी तेवढ्यात आत आली. तिची जीभ जन्मापासून मोकळी. डब्यातून काय आणलंस विचारलं, तर म्हणाली, "केलं."