वाहनांमधील बिनतारी संदेशवहन

धावत्या गाड्यांनी आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबल्याची खबर एकमेकींना थेट रेडिओवरून द्यावी, यासाठी ठरवलेले नियमसंच, म्हणजेच प्रोटोकॉल. अशा गाड्यांच्या जाळ्याला ‘व्हॅनेट’ म्हणतात. गाड्या जवळ आल्या की जाळे जुळते, पांगल्या की मोडते. घोटीच्या टोलनाक्यावर चालणारा फास्टॅग यात मोडत नाही. तो फक्त नाक्यावरच्या रीडरला उत्तर देतो, शेजारच्या गाडीशी त्याला देणेघेणे नसते.

खरी अडचण वेळेची. नाशिक-ओझर रस्त्यावर समोरासमोरून ताशी ८० किमी वेगाने येणाऱ्या दोन गाड्या घ्या. रेडिओचा पल्ला ३०० मीटर धरला, तर त्या एकमेकींच्या टप्प्यात जेमतेम साडेतेरा सेकंद राहतात. घरच्या वायफायचा ओळख, परवानगी, जोडणी हा सोपस्कार इथे परवडत नाही. २०१० साली मंजूर झालेल्या आयईईई ८०२.११पी या मानकाने तो काढूनच टाकला. ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गाडी सरळ संदेश सोडते. ज्याला ऐकू येईल त्याने घ्यावा.

निरोप लांब पोचवायचा तर मधल्या गाड्या तो पुढे देतात. एओडीव्हीसारखे आधी अख्खा मार्ग शोधणारे प्रोटोकॉल इथे लंगडे पडतात, कारण मार्ग सापडेपर्यंत त्यातली एखादी गाडी गल्लीत वळलेली असते. जीपीएसआर हा प्रोटोकॉल मार्ग लक्षातच ठेवत नाही. मुक्कामाच्या सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्याच्या हाती निरोप देऊन मोकळा होतो.

कसारा घाटात पावसाळी धुक्यात पुढचा ट्रक दिसत नाही, तेव्हा असा इशारा मोलाचा. पण या लहरींना कातळ आडवा येतो, त्यामुळे वळणावर रस्त्याकडेची उपकरणे हवीतच. नाशिकच्या द्वारका चौकातले दुखणे उलटे, तिथे गर्दीच फार. प्रत्येक गाडीने सेकंदाला १० वेळा ३०० बाइटचा संदेश सोडला, तर ६ मेगाबिट वेगाच्या चॅनेलवर २०० गाड्याच दर सेकंदातला ०.८ सेकंद खाऊन टाकतात. मग संदेशांची संख्या किंवा रेडिओची ताकद कमी करावी लागते. शिवाय चौकातल्या दुचाक्यांवर हे यंत्र नसेल, तर निम्मे चित्र कोरेच राहणार.

८०२.११पीचा मोबाइल तंत्रावर आधारलेला प्रतिस्पर्धी म्हणजे सी-व्हीटूएक्स. त्यातही गाड्या टॉवरशिवाय थेट बोलू शकतात. अमेरिकेने १९९९ मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते. २०२० मध्ये त्यातले ३० उरले, तेही सी-व्हीटूएक्सकडे गेले. दोन्ही पद्धतींचे रेडिओ एकमेकांचे संदेश उलगडू शकत नाहीत.