ऑडिश: दिवसा जमिनीत, रात्री पायांवर

ऑडिशचा स्वभाव गेममध्ये आधी शब्दांत आला आणि त्या शब्दांप्रमाणे वागायला त्याला पावणेचार वर्षं लागली. ‘पोकेमॉन’ या गेममालिकेतल्या काल्पनिक जीवांच्या क्रमवारीत ४३व्या जागी असलेला हा छोटा वनस्पतीसारखा जीव कसा घडत गेला, हे समजून घ्यायला मला हाच धागा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आले. त्या पडद्यावर रंग नव्हते, करड्या-हिरव्या चार छटा तेवढ्या. त्यात ऑडिश म्हणजे डोक्यावर पानांचा झुपका असलेला, बारक्या पायांचा एक गोळा. पोकेडेक्स या गेममधल्या जीवकोशातली नोंद मात्र चित्राच्या कितीतरी पुढे होती: दिवसा हा तोंड मातीत खुपसून बसतो आणि रात्री बिया पेरत हिंडतो. गंमत अशी, की त्या गेममध्ये रात्र नव्हतीच. वेळ नावाची गोष्टच नव्हती. खेळणाऱ्याला ऑडिश भेटायचा तो कधीही, गवतातून चालताना. त्याचं रात्री हिंडणं वाचून कल्पनेतच पाहायचं होतं.

शिवाय तो सगळ्यांना भेटायचाही नाही. ‘रेड’मध्ये ऑडिश, तर ‘ग्रीन’मध्ये त्याच्या जागी बेलस्प्राउट हा दुसरा जीव. दोघंही वनस्पती आणि विष या प्रकारांतले, आणि वाढत वाढत रूप बदलताना दोघांनाही शेवटचं रूप घ्यायला लीफ स्टोन नावाचा खास दगड लागतो. ज्याच्याकडे जे नसेल ते त्याने मित्राच्या गेम बॉयला केबल जोडून अदलाबदलीत मिळवायचं. गेमचा सगळा डोलारा या देवघेवीवर उभा होता आणि ऑडिश हा तिच्यातला अगदी सुरुवातीचा मोहरा.

१९९८ साली ‘यलो’ हा गेम आला आणि नोंद बदलली. आता लिहिलं होतं, की हा तणाचा झुपका वाटू शकतो, पण उपटायला गेलात तर भयंकर किंचाळतो. या एका वाक्याने ऑडिशचं नातं थेट मॅन्ड्रेकशी जोडलं, असं मी मानतो.

मॅन्ड्रेक ही भूमध्य सागराच्या काठची खरी वनस्पती, शास्त्रीय नाव मँड्रागोरा ऑफिसिनारम. तिला धड खोड नसतं. पानं जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि खाली जाडजूड मूळ असतं. हे मूळ पुष्कळदा दुभंगतं, त्यामुळे दोन पायांचा माणूस गाडल्यासारखा दिसतो. ती धोतऱ्याच्याच कुळातली. हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं तिच्या मुळात असतात, म्हणून ती गुंगी आणते, प्रमाण चुकलं तर जीवही घेते. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने शस्त्रक्रियेआधी रुग्णाला मॅन्ड्रेकची दारू पाजण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याच शतकातल्या जोसेफस या इतिहासकाराने अशाच एका जीवघेण्या मुळाचं वर्णन केलंय: त्याला कुत्रा बांधायचा, कुत्रा मालकामागे धावला की मूळ उपटतं आणि माणसाऐवजी कुत्रा मरतो. उपटताना मूळ किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, ही भर युरोपातल्या पुढच्या दंतकथांनी घातली.

आता ऑडिश पहिल्याच गेममध्ये लढाईच्या कोणत्या चाली शिकतो ते बघा. १५व्या लेव्हलला पॉयझन पावडर, १७व्याला स्टन स्पोर, १९व्याला स्लीप पावडर. विष, बधिरपणा, झोप. मॅन्ड्रेकच्या गुणांची यादीच जणू. हे मुद्दाम जुळवलं असो वा नसो, जुळलंय मात्र नेमकं.

मग २१ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे गेम आले. त्यांच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीत, घड्याळ होतं. आत बसवलेल्या छोट्या बॅटरीवर ते गेम बंद असतानाही चालायचं. (सेव्ह केलेला खेळही त्याच बॅटरीवर टिकायचा, म्हणून जुन्या कार्ट्रिजमधले खेळ बॅटरी संपल्यावर पुसले गेले.) आता बाहेर रात्र झाली की गेममध्येही रात्र. गेममधल्या इलेक्सच्या जंगलात दिवसा कितीही फिरा, ऑडिश सापडायचा नाही. अंधार पडल्यावर यायचा. चांदणं अंगावर घेऊन तो वाढतो, असंही आता नोंदीत आलं होतं. १९९६चं ते वाक्य अखेर गेमचा नियम झालं. मालिकेतल्या किती जीवांच्या नशिबी असं आलं असेल!

त्याच गेमने त्याच्या वंशाला दुसरी वाटही दिली. आधी ऑडिशचा २१व्या लेव्हलला ग्लूम व्हायचा आणि ग्लूमचा लीफ स्टोनने व्हाइलप्लूम. आता सन स्टोन हा दुसरा दगड दिला तर ग्लूमचा बेलॉसम होऊ लागला. बेलॉसममधला विषाचा प्रकार गळून गेला आणि उंची भरली ०.४ मीटर, म्हणजे ०.५ मीटरच्या ऑडिशहूनही कमी. वाढत जाऊन शेवटी सुरुवातीपेक्षा ठेंगणं होणं मला फार आवडतं.

व्हाइलप्लूमचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. जपानी गेममध्ये त्याचं नावच रॅफ्लेशिया आहे. हे प्रचंड फूल १८१८ साली सुमात्रात, ब्रिटिश अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या मोहिमेत निसर्गतज्ज्ञ जोसेफ अरनॉल्डसमोर आलं. त्याला ते दाखवलं त्याच्या मलय नोकराने. अरनॉल्ड त्याच वर्षी तापाने वारला आणि शास्त्रीय वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने केलं. फुलाचा व्यास सुमारे एक मीटरपर्यंत जातो आणि सडक्या मांसाच्या वासाने माश्या खेचल्या जातात. लाल पाकळ्या आणि त्यांवरचे पांढुरके ठिपके व्हाइलप्लूमने जसेच्या तसे उचलले, वास ग्लूमकडे आला. पण खऱ्या रॅफ्लेशियाला पान, खोड, मूळ काहीच नसतं. ती एका वेलीच्या अंगात परजीवी म्हणून राहते. पानं आणि मूळ एवढ्यावरच उभा असलेला ऑडिश वाढून अशा फुलापर्यंत पोचतो, ही वनस्पतिशास्त्रात अशक्य आणि गेममध्ये सुंदर अशी उडी आहे.

पुढे २००२च्या ‘रुबी’ आणि ‘सॅफायर’मध्ये दिवस-रात्रीनुसार जीव भेटण्याची पद्धत नव्हती, तेव्हा ऑडिशचा नियमही सुटला. नोंदी मात्र रंगत गेल्या: माती जितकी सुपीक तितकी पानं तुकतुकीत, आणि गाडून घेतल्यावर पायांची मुळं होतात. २००४च्या ‘फायररेड’ने त्याला ‘ऑडियम वाँडरस’ असं थाटातलं शास्त्रीय नाव दिलं आणि रात्रीत तो दोन मुळांवर जवळपास १,००० फूट चालतो असं सांगितलं. २०१८च्या ‘लेट्स गो, पिकाचू’मध्ये गवतात हिंडणारा ऑडिश पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसला, तोही खेळ सुरू झाल्या झाल्या, रूट १वर. फक्त त्या गेममध्ये पुन्हा घड्याळ नव्हतं, त्यामुळे तो हिंडत होता लख्ख उजेडात.