विरघळणारे टाके आणि हिवतापाची लस

"टाके काढायला यायला नको, आपोआप विरघळतील," असं डॉक्टर सांगतात तेव्हा त्या धाग्याच्या रसायनाची चौकशी आपण करत नाही. असा धागा बऱ्याचदा लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या लांब साखळ्यांचा असतो. अंगातल्या पाण्याने साखळ्या तुटतात आणि सुटी झालेली आम्लं शरीर पचवून टाकतं. याच पदार्थाचे, म्हणजे पीएलजीएचे, केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान कण करायचे आणि त्यांच्याकरवी हिवतापाची डीएनए लस पेशींपर्यंत पोचवायची, असा खटाटोप प्रयोगशाळांत बरीच वर्षं चालू आहे.

डीएनए लशीत जंतू नसतो, त्याचं प्रथिनही नसतं. असतं ते फक्त प्रथिन बनवायच्या कृतीचं एक वेटोळं, प्लाझ्मिड. ते आपल्या पेशीत शिरलं की पेशीच ते प्रथिन बनवते आणि रोगप्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते.

हिवतापाला ही युक्ती विशेष लागू पडावी, याला कारण आहे. डास चावताना त्वचेत सोडतो ते परजीवी बहुधा शंभरसुद्धा नसतात. त्यांतले काही अर्ध्या-एक तासात यकृत गाठतात आणि तिथल्या पेशींत आठवडाभर दडून वाढतात. एकेकाचे हजारो होतात, तरी माणसाला ताप नसतो. रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडांना शिकार साधायला मिळतो तो फक्त सुरुवातीचा थोडा वेळ. एकदा परजीवी पेशीत शिरला की त्याच्यासकट ती पेशीच मारणाऱ्या, रोगप्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी हव्यात. आणि प्रथिन पेशीच्या आत तयार झालं, तर नेमक्या याच टी पेशी चेतवल्या जातात. कागदावर योजना चोख होती.

१९९८ साली अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी ती माणसांवर करून पाहिली. २० निरोगी स्वयंसेवकांना परजीवीच्या आवरणातल्या एका प्रथिनाची डीएनए लस टोचली. सर्वांत मोठी मात्रा २,५०० मायक्रोग्रॅमची होती. निम्म्याहून थोड्या अधिक जणांत मारक टी पेशी दिसल्या. प्रतिपिंडं मात्र तयार झालीच नाहीत. उंदरांवर जमलेला खेळ माणसात अर्धवट राहिला.

घोडं पेंड खातं ते पोचवण्यात. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, पेशीच्या पापुद्र्यावरही ऋणच, त्यामुळे दोघांचं जमत नाही. बाहेर रेंगाळलेल्या डीएनएचे तुकडे करायला शरीरातली विकरं टपलेलीच असतात. त्यातूनही जे आत शिरतं त्याला पुढे केंद्रकापर्यंत जायचं असतं.

कण इथे कामाला येतात. आधी डीएनए पीएलजीएच्या पोटात भरून पाहिला, पण कण बनवताना घुसळण इतकी जोरात होते की प्लाझ्मिड तुटतं. शिवाय कण विरघळू लागला की त्याच्या आत आम्ल साचतं, तेही डीएनएला मानवत नाही. मग उलटा विचार झाला: कणाला धन भाराचा लेप द्यायचा आणि डीएनए बाहेरूनच चिकटवायचा. मला या सगळ्या कथेत हीच युक्ती सर्वांत आवडते. लेपासाठी पॉलिइथिलिनइमाइन हा पदार्थ फार प्रभावी, पण तो पेशींना जाचतोही. कायटोसान त्यापेक्षा सौम्य. ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. आपण जे सोलून फेकतो तेच!

आकारालाही महत्त्व आहे. दोनशे नॅनोमीटरपर्यंतचे कण स्वतःच वाहत लसिकाग्रंथींत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या तळांवर, पोचतात. त्याहून बरेच मोठे असले, तर परक्या वस्तू टिपून तिथे नेणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशींनी त्यांना उचलून न्यावं लागतं.

२०२१ साली भारतात परवानगी मिळालेली कोविडची झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली मंजूर डीएनए लस. तिने कणांचा आधार घेतला नाही. सुईऐवजी दाबाच्या बारीक फवाऱ्याने ती त्वचेत जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-२१ ही हिवतापाची लस कणरूपच आहे, पण ते कण प्रथिनाचे. तिचा भर मुख्यतः प्रतिपिंडांवर, म्हणजे यकृताआधीच्या त्या थोड्या वेळावर. कणांवर बसवलेल्या हिवतापाच्या डीएनए लशींबद्दलच्या चांगल्या बातम्या आजवर आल्या त्या मुख्यतः उंदरांकडून, आणि उंदराचं वजन असतं वीस-पंचवीस ग्रॅम.