उन्हाच्या किनाऱ्यावरचा मुडदूस

कोकणात मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ राहण्याचा आजार, कसा होईल, असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. ऊन भरपूर, ताटात बांगडा नाहीतर तारली, आणि नाचणीची भाकरी, जिच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. प्रश्न रास्तच आहे. पण यातले तान्ह्या बाळापर्यंत पोचते किती? ते आईच्या दुधावर असते आणि त्या दुधात ड जीवनसत्त्व फार थोडे. ते कातडीवर पडलेल्या उन्हातून तयार व्हायचे. आणि नेमके तेच महिने बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, शेक-शेगडीच्या उबेत, खिडक्या लावून जायचे. आषाढात जन्मलेल्या बाळाला तर गणपती येऊन गेले तरी ऊन म्हणावे असे ऊन दिसत नाही.

ड जीवनसत्त्व कमी पडले की आतडे कॅल्शियम नीट शोषत नाही. हाडांच्या टोकांशी वाढणारी कूर्चा (पुढे हाड होणारा लवचीक भाग) मऊच राहते. मग मनगटे रुंद दिसतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात, टाळू उशिरा भरते आणि मूल चालू लागले की पाय बाकतात. (दोन वर्षांच्या आत पायांना थोडा बाक असणे स्वाभाविकही असते.)

लंडनच्या फ्रान्सिस ग्लिसनने १६५० साली या आजारावर सविस्तर लिहिले, पण कारण सापडायला पावणेतीनशे वर्षे लागली. १८९० मध्ये जपानात राहून आलेल्या थिओबाल्ड पाम या डॉक्टरने ऊन आणि मुडदूस यांचा संबंध मांडला. फारसे कोणी ऐकले नाही. १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलनबी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून कॉड माशाच्या तेलाकडे वळला, तर बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीने मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरे केले. एकाचे औषध तेल, दुसऱ्याचे प्रकाश!

आपल्यासाठी सगळ्यात बोलका पुरावा मात्र घाटापलीकडचा, नाशिकचा आहे. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह या संशोधकांनी तिथे पाहिले की मुडदूस पडद्यातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांत होता. अर्धपोटी राहून दिवसभर शेतात राबणाऱ्यांच्या घरांत नव्हता. त्याच वर्षी मॅकॉलम या शास्त्रज्ञाने कॉडच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक अ जीवनसत्त्वापेक्षा वेगळा असल्याचे दाखवले. तोच पुढे 'ड' झाला. हा इतिहास वाचताना मला आपले माजघर आठवते.

आता बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिले वर्षभर रोज ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. तरीही काही मुलांचे पाय सरळ होत नाहीत. ड जीवनसत्त्वाला अशी दाद न देणाऱ्या मुडदुसाचे वर्णन फुलर ऑलब्राइट या डॉक्टरने १९३७ मध्ये केले. काहींच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाते, आणि त्याचे कारण बहुधा आनुवंशिक असते. तिथे ऊन, मासे, थेंब पुरत नाहीत. रक्तातले फॉस्फेट तपासावे लागते. या आनुवंशिक मुडदुसाच्या नेहमीच्या प्रकारात बापाला आजार असेल तर तो त्याच्या प्रत्येक मुलीत उतरतो, मुलग्यात एकाही नाही.